डिप्रेशनची आणि सायकोसिसची गोळी एकत्र चालू आहे: काळजी नक्की कशाची घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा होता. आईचं वय ६३, गावाकडे असते, दीड महिन्यापासून डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम १० चालू. फरक पडला नाही, उलट "माझ्यामुळे घर बुडालं, आता पोलीस येणार" असं म्हणायला लागली, जेवण जवळजवळ सोडलं. डॉक्टरांनी रात्रीची ओलान्झापिन ५ नव्याने जोडली. केमिस्ट म्हणाला ही वेड्यांची गोळी आहे, दोन्ही एकत्र डेंजर. बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइड जुनी आहे, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी घेते, मिश्री लावते. नवीन गोळी बंद करावी का?

नाही, बंद करू नका. डॉक्टरांना न विचारता तर अजिबात नाही. मी सायकियाट्रिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि अँटीडिप्रेसंट (डिप्रेशनची गोळी) अधिक अँटीसायकोटिक (सायकोसिसची, म्हणजे भ्रम-भास कमी करणारी गोळी) ही जोडी माझ्या चिठ्ठ्यांवर रोज असते. नुसती जोडी आहे म्हणून घाबरण्यासारखं त्यात फार काही नाही. त्रास होतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याच कशाने तरी, जे घरात कोणी औषध म्हणून मोजतच नाही, आणि तुमच्या प्रश्नात अशा दोन गोष्टी मला दिसतायत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ही जोडी दिली का ते. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे उदासी आहेच पण त्यावर "मी पाप केलं, पोलीस येणार, घर बुडालं" अशी पक्की समजूत, कितीही पटवलं तरी न हलणारी, त्याला आम्ही सायकोटिक डिप्रेशन म्हणतो. (प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी निदान करत नाहीये, पण तुमच्या डॉक्टरांच्या मनात हेच असणार.) यात एकट्या अँटीडिप्रेसंटने भागत नाही, एकट्या अँटीसायकोटिकनेही नाही. २००९ मध्ये यावर एक मोठा अभ्यास आला, २५९ पेशंट, त्यातले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. नुसतं ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी साधारण २४ टक्के १२ आठवड्यांत पूर्ण बरे झाले आणि ओलान्झापिन अधिक सर्ट्रालिन (एस्सिटालोप्रामसारखंच अँटीडिप्रेसंट) घेणाऱ्यांपैकी साधारण ४२ टक्के. म्हणजे दोन गोळ्या डॉक्टरांनी उगाच लिहिलेल्या नाहीत. आणि हो, जेवण-पाणी पूर्ण बंद झालं, किंवा जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलणं सुरू झालं तर गोळ्यांची वाट बघत बसू नका, तेव्हा अ‍ॅडमिट करून ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात, तो विचारात घ्यावा लागतो. या आजारात तो फार चांगला चालतो आणि २०१७ च्या कायद्यानुसार भूल दिल्याशिवाय देताच येत नाही, त्यामुळे सिनेमात बघितलेलं डोक्यातून काढून टाका.

केमिस्टच्या बोलण्याचं म्हणाल तर हेच ओलान्झापिन केमोथेरपीच्या उलट्या थांबवायला कॅन्सरच्या पेशंटला देतात, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तर त्यासाठी २.५ मिलिग्रॅमचा कमी डोस पुरतो का यावर मोठा अभ्यास झालाय. ते सगळे वेडे नाहीत ना. याच वर्गातल्या गोळ्या साध्या डिप्रेशनमध्ये, जिथे भ्रम वगैरे काही नाही पण दोन-दोन अँटीडिप्रेसंट पुरेसा वेळ देऊन फेल गेलेत, तिथेही लहान डोसमध्ये जोडतात. अरिपिप्राझोलला अमेरिकेत यासाठी २००७ मध्ये मान्यता मिळाली, नंतर क्वेटियापिनलाही. ओसीडीमध्येही (तेच तेच विचार, परत परत हात धुणं असा आजार) रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल जोडतो आम्ही. तर गोळीच्या नावावरून आजार ओळखायला जाऊ नका.

आता मुद्द्यावर येते. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. नाव तुम्ही लिहिलं नाहीये, पण तिच्यावर आत काय आहे ते बारीक अक्षरात छापलेलं असतं ते आज वाचा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. त्यात लेव्होसल्पिराइड असेल (पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर ते आपल्याकडे सर्रास विकलं जातं) तर आई आधीपासूनच एक अँटीसायकोटिक घेतायत असं समजा. हो, लेव्होसल्पिराइड हे मुळात त्याच घरातलं औषध आहे, डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवणारं, पोटासाठी म्हणून वापरतात एवढंच. साठीनंतरच्या बायकांमध्ये मी हे कितीदा बघते: हात थरथरतोय, चालताना पाय घासत चालतायत, चेहऱ्यावर भावच नाहीत, आणि घरचे म्हणतात म्हातारपण आलं किंवा पार्किन्सन झाला, आणि पिशवीतून निघते ती वर्षानुवर्षं चालू असलेली गॅसची कॅप्सूल. त्यावर आता ओलान्झापिन आलं म्हणजे दोन झाले. दुसरी शक्यता, नावापुढे डी किंवा डीएसआर आहे, तर त्यात डोमपेरिडोन असणार. ते आणि एस्सिटालोप्राम दोघंही हृदयाच्या ठोक्याचं एक अंतर, ज्याला ईसीजीत क्यूटी म्हणतात, ते वाढवू शकतात; ते फार वाढलं तर ठोके बिघडू शकतात. तिसरी शक्यता साधं ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल, तर त्याने एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं, साधारण दीडपट होऊ शकतं, म्हणजे १० ची गोळी खाऊन अंगात १५ ची खाल्ल्यासारखी होते, आणि साठीच्या पुढे आम्ही मुळातच १० च्या वर जायला कचरतो. नुसतं पँटोप्राझोल असेल तर मात्र फारसं काही नाही. आणि खरं विचाराल तर रोज सकाळी कॅप्सूल लागते का हाच आधी प्रश्न आहे, पण ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

हे छुपे डोपामिन अडवणारे आणखी असतात बरं का. चक्कर येते म्हणून दिलेली प्रोक्लोरपेराझिन, जिला सगळे स्टेमेटिल म्हणतात. उलटीची मेटोक्लोप्रमाइड. चक्कर आणि मायग्रेनसाठीची सिनारिझिन, फ्लुनारिझिन. आणि आपल्या गावोगावच्या दवाखान्यात "घबराट, छातीत धडधड, झोप नाही" यावर मिळणारी फ्लुपेंटिक्सॉल-मेलिट्रासेन, म्हणजे एका गोळीत अँटीसायकोटिक आणि अँटीडिप्रेसंट दोन्ही. केंद्र सरकारने २०१३ मध्ये तिच्यावर बंदी आणली होती, ते प्रकरण मग कोर्टात गेलं. मला वैयक्तिक ती गोळी आवडत नाही, कारण दोन औषधं एकत्र बांधली की एकाचा डोस दुसऱ्याला हात न लावता बदलता येत नाही, आणि पेशंटला तर माहीतच नसतं आपण काय खातोय ते. तुमच्या आईंच्या पिशवीत ती आहे का तेही बघा, कारण मेलिट्रासेन आणि एस्सिटालोप्राम एकत्र असू नयेत.

पिशवीवरून आठवलं, माझ्याकडे नवीन पेशंट आला की मी सगळी पिशवी टेबलावर ओतायला लावते. चिठ्ठ्या नंतर बघते. त्यात काय काय निघतं: गुडघ्याच्या गोळ्या, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, तीन वेगळ्या नावांचं एकच औषध, आणि कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो आणि नाव राहतं त्याच्याकडच्या अर्ध्या भागावर, आपल्या हातात येतात चार गोळ्या आणि मागे नुसती एमआरपी. तुम्ही एवढं एक करा, नाव, डोस आणि एक्स्पायरी दिसेल अशा बाजूनेच स्ट्रिप मागा, नाहीतर पूर्ण स्ट्रिप घ्या, आणि पहिल्यांदा घेतली तेव्हाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुठल्याही डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट बीपीची गोळी. टेल्मिसार्टन ठीक आहे, त्यातलं हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आहे. ती सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी करते. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यापण सोडियम कमी करतात, वयस्कर बायकांत जास्त, आणि बहुतेक वेळा पहिल्या महिन्याभरात. दोन्ही एकत्र म्हणजे सोडियम घसरायची चांगलीच शक्यता. त्यात तुम्ही म्हणता आई जेवत नाहीत. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. थोडं खाली गेलं तर डोकं दुखतं, मळमळतं, अंगात त्राण नाही, माणूस गप्प-गप्प होतो, आणखी खाली गेलं की बरळायला लागतो, फिट येऊ शकते. आता बघा, यातलं गप्प होणं, न जेवणं, बरळणं हे सगळं घरच्यांना डिप्रेशन वाढल्यासारखंच दिसतं, आणि मग गोळीचा डोस वाढतो, आणि सोडियम आणखी खाली जातं. म्हणून सिरम इलेक्ट्रोलाइट्सची साधी रक्ततपासणी या आठवड्यात करून घ्या, तालुक्याच्या लॅबमध्येही होते, खर्च फार नाही. पोटॅशियम कमी निघालं तर तेही महत्त्वाचं, कारण कमी पोटॅशियममध्ये क्यूटीचा धोका वाढतो. त्याच दिवशी एक ईसीजी. ओलान्झापिनचा क्यूटीवर परिणाम कमीच असतो, त्यामुळे तुमच्या जोडीची मला तशी चिंता नाही, पण एस्सिटालोप्राम, डोमपेरिडोन आणि कमी पोटॅशियम असं तिघं एकत्र आले तर मग आहे. क्यूटीचा आकडा ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की आम्ही औषध थांबवतो.

पुढे कधी तापाला अ‍ॅझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, किंवा उलटीला ओन्डान्सेट्रॉन लिहून मिळालं तर देणाऱ्या डॉक्टरला एस्सिटालोप्राम चालू आहे हे सांगा. दुखण्यावर ट्रॅमाडॉल नको, त्याने सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन गरजेपेक्षा जास्त वाढतं. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, त्याचंही तेच. दाढ दुखली, गुडघा दुखला की पॅरासिटामॉल द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या एस्सिटालोप्रामबरोबर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आईंना अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर अजूनच.

मिश्रीचं मात्र टेन्शन घेऊ नका, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरसाठी घ्या, सुटली तर उत्तमच, पण या गोळ्यांसाठी नको. हे इथे मुद्दाम सांगतेय कारण विडी-सिगारेटचं प्रकरण वेगळं आहे. धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि ओलान्झापिन आणि क्लोझापिन (तेही अँटीसायकोटिकच) भराभर जाळून टाकतं. निकोटिनमुळे नाही हे, धुरामुळे, म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्यात, मिश्रीत, गुटख्यात असं होत नाही. रोज बंडलभर विडी ओढणारा माणूस क्लोझापिनवर स्थिर असतो, मग काही कारणाने हॉस्पिटलात जातो, विडी बंद, आणि आठवड्याभरात तेवढ्याच गोळीने तो दिवसभर झोपलेला, लाळ गळतेय, तोल जातोय. सगळे म्हणतात डोस चुकला. डोस तोच असतो, विडी गेलेली असते. म्हणून कोणी सिगारेट सोडणार असेल तर जरूर सोडा, पण आधी डॉक्टरला सांगून.

याच एन्झाइमला उलट दिशेने झोपवणारं औषध म्हणजे फ्लुव्होक्सामिन, ओसीडीत वापरतात. क्लोझापिनवर असलेल्या माणसाला ते सुरू केलं की क्लोझापिनची पातळी पाचपट, दहापट जाऊ शकते. अशा वेळी क्लोझापिन एक तृतीयांशावर आणायला सांगतात. ही जोडी तज्ज्ञाच्या हातातच असावी. जास्त कॉमन जोडी मात्र फ्लुओक्सेटिन अधिक रिस्पेरिडोन, दोन्ही स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळणाऱ्या, त्यामुळे भरपूर पेशंट या जोडीवर असतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन हे रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अरिपिप्राझोल यांना अंगातून बाहेर पडू देत नाहीत पटकन, म्हणून रिस्पेरिडोन २ ची गोळी ३-४ सारखी वागायला लागते, हात ताठ, पाळी चुकणे, तरुण मुलींमध्ये छातीतून दूध येणे. देऊ नये असं नाही, कमी डोसवर द्यावी. फ्लुओक्सेटिनची आणखी एक गंमत, ते बंद केलं तरी पाच आठवडे अंगात रेंगाळतं, म्हणजे आज बंद केलेल्या गोळीचा हिशोब पुढच्या महिन्यात लागतो. तुमच्याकडच्या एस्सिटालोप्राम-ओलान्झापिनमध्ये हा ओढाताणीचा प्रकार जवळजवळ नाहीच, दोघांचे रस्ते वेगळे आहेत. डॉक्टरांनी जोडी विचार करून निवडलीय.

टीबीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हे वारंवार होतं. डॉट्सच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन लिव्हरला इतकं पळवतं की क्वेटियापिन जवळजवळ नाहीसंच होतं, हॅलोपेरिडॉल, अरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन यांचीही पातळी खाली जाते. टीबीचा उपचार सुरू झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी बरा असलेला पेशंट परत आवाज ऐकू येतात म्हणायला लागला तर "गोळ्या खात नसेल" असं त्याच्यावर ढकलू नका. सहा महिन्यांनी टीबीच्या गोळ्या संपल्यावर उलट, वाढवलेला डोस हळूहळू कमी करावा लागतो. आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, ते अँटीडिप्रेसंटबरोबर सेरोटोनिन वाढवतं, आणि बेडाक्विलिन क्यूटी वाढवतं. तिथे टीबीचे डॉक्टर आणि आम्ही एकमेकांशी फोनवर बोललो नाही तर पेशंटचं काही खरं नाही.

आता ओलान्झापिनचा खरा त्रास, जो या सगळ्यापेक्षा जास्त लोकांना होतो आणि ज्याबद्दल नेटवर घाबरवणारे लोक कमी बोलतात: भूक आणि वजन. आई आत्ता जेवत नाहीत म्हणून पहिले काही दिवस भूक लागली तर घरात आनंदच होईल, होऊ द्या. पण महिन्याभराने रात्री अकराला उठून चिवडा-बिस्किटं शोधायला लागल्या की सावध व्हा. आजच वजन करा, कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजून लिहून ठेवा (आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषांसाठी ९०), उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) एकदा करून घ्या, परत तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. वजन मात्र दर आठवड्याला. पहिल्याच महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही वाढत जाण्याची शक्यता असते, तेव्हाच डॉक्टरांशी बोला, दुसरी गोळी निवडता येते किंवा मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी जोडता येते. वीस किलो वाढल्यावर येऊन "आता काय करू" विचारलं की माझ्याही हातात फार राहत नाही. अँटीडिप्रेसंट म्हणून मिर्टाझापिन असेल तर ओलान्झापिनबरोबर वजन दुप्पट जोरात पळतं, झोपही फार येते.

रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, आणि वाटेत एक छोटा दिवा. बीपीची गोळी आधीच चालू असलेल्या माणसाला ओलान्झापिनने उभं राहताना बीपी पडू शकतं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं हे डिप्रेशनपेक्षा मोठं संकट होऊन बसतं. पहिले दोन आठवडे कोणीतरी त्यांच्या खोलीत झोपा.

बेचैनीबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. ओलान्झापिनने कमी, पण अरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉलने एक प्रकारची अस्वस्थता येते, अकाथिसिया म्हणतात. माणूस खुर्चीत बसतो, दोन मिनिटांत उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, बसला तरी एक पाय हलतोय, उभा असला तर एका जागी पावलं टाकतोय. विचारलं काय होतंय तर सांगता येत नाही, "आतून कसंतरी होतंय" एवढंच. बरोबर आलेले म्हणतात मॅडम आजार वाढलाय, गोळी वाढवा. मी एकच प्रश्न विचारते, बेचैनी विचारांत आहे की पायांत? पायांत म्हणाले, चालल्यावर बरं वाटतं म्हणाले, की बहुतेक वेळा ही गोळीची बेचैनी असते. तिथे गोळी वाढवणं म्हणजे आगीत तेल. डोस कमी करायचा, औषध बदलायचं किंवा प्रोप्रानोलॉल द्यायचं (दमा नसेल तर). अकाथिसिया फार वाईट असतो, लोकांच्या मनात जीव द्यायचे विचारसुद्धा येतात त्याने, त्यामुळे "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका. पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींना अँटीडिप्रेसंट नव्याने सुरू केल्यावर पहिले काही आठवडे असेच डोळ्यात तेल घालून बघावे लागतात.

इमर्जन्सी कधी समजायची? दोन प्रकार आहेत, दोन्ही दुर्मिळ. एक अँटीसायकोटिकमुळे: काही दिवसांत ताप चढतो, अंग लाकडासारखं ताठ, कोपरात हात वाकवायला गेलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच अडतो, घाम, बीपी वर-खाली, माणूस भानावर नाही. दुसरा सेरोटोनिन वाढल्यामुळे: बहुधा नवीन औषध किंवा वाढीव डोस घेतल्यापासून २४ तासांच्या आत, जुलाब, थरथर, पायाला झटके, अंग गरम, प्रचंड अस्वस्थता. कुठला कोणता ते घरी ओळखत बसू नका. या गोळ्या चालू असताना ताप अधिक ताठरपणा किंवा ताप अधिक भान हरपणं असं दिसलं की पुढचा डोस देऊ नका आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, गोळ्यांचे फोटो बरोबर घेऊन. फक्त याच प्रसंगी मी न विचारता गोळी थांबवा म्हणेन.

उन्हाळ्यात, आणि विदर्भ-मराठवाड्यात असाल तर जास्तच, लक्षात ठेवा की या गोळ्यांवर शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते, काहींनी घामही कमी येतो, हाताचा ताठरपणा घालवायला दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर आणखीनच. मे महिन्यात दुपारी शेतात किंवा लग्नाच्या मांडवात तासन्‌तास नको. बीपीच्या त्या लघवीवाल्या गोळीने पाणी अजून कमी होतं. उपवासाचं म्हणाल तर एस्सिटालोप्राम, ओलान्झापिन उपाशीपोटीही चालतात, नवरात्रात गोळी चुकवायची गरज नाही, पण कोणाला ल्युरासिडोन हे अँटीसायकोटिक असेल तर ते निदान ३५० कॅलरीच्या जेवणाबरोबरच घ्यावं लागतं, नाहीतर निम्मंसुद्धा अंगी लागत नाही, आणि झिप्रासिडोनला ५०० लागतात. चतुर्थीला एका केळ्यावर ल्युरासिडोन घेऊन "गोळी लागूच पडत नाही" म्हणणारे भेटतात मला. शिवाय निर्जळी उपवास लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू असणाऱ्यांनी करूच नये.

आईंना आधी कधी याच्या उलट काळ आलेला का, म्हणजे आठवडाभर झोप नाही तरी थकवा नाही, अखंड बोलणं, पैसे उधळणं, घरभर भांडणं? लग्नानंतर, बाळंतपणानंतर, कधीही. असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण ते बायपोलर असू शकतं आणि मग एस्सिटालोप्रामचाच फेरविचार करावा लागतो. तसंच अलीकडे विसरभोळेपणा वाढलाय का तेही सांगा. डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांत अँटीसायकोटिक गोळ्यांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, तिथे हिशोब वेगळा असतो.

किती दिवस घ्यायच्या? झोप आणि भूक आठवड्याभरात सुधारायला लागते, पोलिसांची भीती जायला तीन-चार आठवडे, मन उभारी धरायला त्याहून जास्त. आणि बरं वाटलं की लोक पहिली ओलान्झापिनच सोडतात, कारण केमिस्टने, मावशीने, सगळ्यांनी तिलाच वेड्यांची गोळी म्हटलेलं असतं. २०१९ मध्ये सायकोटिक डिप्रेशनवरच पुढचा अभ्यास आला: सर्ट्रालिन-ओलान्झापिनवर बऱ्या झालेल्या लोकांपैकी ज्यांचं ओलान्झापिन चालू ठेवलं त्यांच्यात ३६ आठवड्यांत साधारण २० टक्क्यांना आजार परत आला, ज्यांचं हळूहळू काढून घेतलं त्यांच्यात ५५ टक्क्यांना. अर्थात चालू ठेवलेल्यांचं वजनही जास्त वाढलं, फुकट काही नसतं. म्हणून मी साधारणपणे बरं झाल्यावरही काही महिने दोन्ही ठेवते, मग अँटीसायकोटिक थोडं थोडं कमी करते, त्यानंतरच दुसऱ्या गोळीकडे बघते. दोन्ही एकदम कधीच नाही, कारण त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही. एखादा डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचा नाही, नेहमीचाच घ्यायचा. एस्सिटालोप्राम अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, ते आजार परत आल्यासारखं वाटतं पण बऱ्याचदा नसतं.

तर आत्ता तुमच्यासाठी कामं एवढीच: कॅप्सूलवरचं बारीक अक्षर वाचा, सोडियम-पोटॅशियम, शुगर, लिपिड आणि ईसीजी करून घ्या, वजन लिहा, आणि हे सगळं घेऊन ओलान्झापिन देणाऱ्या डॉक्टरांकडेच आठवड्याभरात जा. बीपीची गोळी स्वतः बंद करू नका, सोडियम कमी निघालं तर बीपीचे आणि हे, असे दोन्ही डॉक्टर मिळून बदलतील. मध्येच रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रिपोर्ट आल्यावर सोडियमचा आकडा आणि कॅप्सूलचं नाव इथे टाका, मी बघेन.